फक्त लाइट बघतोय

...आणि वर मलाच म्हणतो, "हलू नकोस!" आता तुम्हीच सांगा, हललं कोण? मी? मी गेली चाळीस मिनिटं एका लोखंडी कठड्याला टेकून, उजव्या हातात झाडाची फांदी धरून, अशी... बघा, अश्शी... श्वाससुद्धा बेताबेतानं घेत उभी आहे. समोर पाणघोडा आहे. पाणघोडा म्हणजे काय, तर दोन नाकपुड्या, बाकीचा सगळा ऐवज पाण्याखाली, आणि त्या दोन नाकपुड्यांसाठी आमचा नवरा सकाळी सात वाजल्यापासून इस्त्रीच्या शर्टात जमिनीवर पालथा पडलाय, आणि मला म्हणतो, हलू नकोस! अरे, पाणघोडा हलला! त्याला सांग ना! त्याला नाही सांगायचं. पाणघोड्याची मर्जी सांभाळायची. बायको काय, लग्नाचीच आहे.

पण मी काही बोलले नाही.

तसं मी फार बोलतच नाही. कुणालाही विचारा. शाळेत बाई हजेरी घेताना मी "हजर" म्हटलेलं त्यांना ऐकू यायचं नाही, वर्षातले निम्मे दिवस मी गैरहजर! आणि तुम्हाला सांगते, हे सगळं झालं ते त्या न बोलण्यामुळेच. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी अर्धा तास गप्प बसले होते, हातात चहाचा कप, कप गार, तर हा असे डोळे मोठे करून म्हणाला, "तू नेहमीच इतकी शांत असतेस?" मी मान हलवली. "आणि एका जागी किती वेळ बसू शकतेस?" मला वाटलं, काय हळवा माणूस आहे! किती बारकाईनं विचारतोय! घरी येऊन आईला म्हटलंसुद्धा, हा मला समजून घेईल. आता कळतं, तो मला समजून बिमजून घेत नव्हता. पाखरं उडतील का नाही, याचा अंदाज घेत होता!

लग्नाला सात महिने झाले. सात महिन्यांतले सत्तावीस रविवार आम्ही प्राणिसंग्रहालयात काढले. सत्तावीस! लोक फिरायला जातात, सिनेमाला जातात, निदान एकमेकांच्या नातेवाइकांकडे जाऊन कंटाळतात तरी. आम्ही पावणेसहाला दार ओढून घेतो आणि सातला फाटक उघडायच्या आधी तिथं जाऊन उभे राहतो. तिकिटाच्या खिडकीतल्या बाई आता "किती?" असं विचारतसुद्धा नाहीत. आम्हाला पाहिलं की दोन तिकिटं फाडतात आणि माझ्याकडे असं बघतात... असं आपण दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटकडे बघतो ना, तसं.

आणि कपडे! लग्नात मला काय सुरेख सुरेख कपडे घेतले होते, लाल, पिवळे, एक तर असा झगझगीत निळा की वाटेतला माणूस थांबावा. सगळे कपाटात. का? तर, "भडक घालू नकोस, पक्षी बिचकतात." मग मी काय घालायचं? राखी, मातकट आणि शेवाळी. नव्या नवरीचे रंग! कानातलं घालायचं नाही, वाजतं. अत्तर लावायचं नाही, हरणांना वास जातो. एकदा मी शिंकले तर शहामृगानं मान वळवली, तर तीन दिवस घरात त्या शिंकेवर चर्चा. "आली होती तर थोपवता नाही आली?"

आता ती फांदी. तुम्हाला वाटत असेल, फांदी कशाला? सांगते. आमच्या नवऱ्याचं एक तत्त्व आहे. प्राणी पिंजऱ्यातला, पण फोटो जंगलातला वाटला पाहिजे. म्हणजे जाळी दिसता कामा नये, नळ दिसता कामा नये, पाण्याची प्लास्टिकची टाकी दिसता कामा नये, पलीकडून आइसक्रीम खात चाललेलं कुटुंब तर अजिबात दिसता कामा नये. आणि वाघ नेमका त्या टाकीला टेकूनच झोपतो! त्याला थंड लागते ती. मग त्या टाकीच्या आणि लेन्सच्या मधे एक फांदी धरायची, पानांची. ती कोण धरणार? "जरा डावीकडे... अजून... वर... आता तुझा अंगठा दिसतोय... अंगठा आत घे!" अंगठा आत घेऊन फांदी कशी धरतात, हे तुम्हाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या. मग घरी येऊन तो फोटो त्याच्या त्या फोटोवाल्यांच्या मंडळात पाठवायचा. मंडळातले लोक विचारतात, "वा! कुठलं जंगल?" हा उत्तर देतो, "जागा सांगत नाही, गर्दी होईल."

तिथं पेलिकनना मासे घालणारे एक म्हातारे कर्मचारी आहेत, मी त्यांना मनात बादलीवाले काका म्हणते. ते मला दर रविवारी बघतात. एकदा बादली खाली ठेवून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही पगारावर लागलात का इथं?"

"नाही हो काका."

"मग रोजंदारीवर?"

मी फांदी या हातातून त्या हातात घेतली.

पण फांदीचं काही नाही हो, फांदीनं फक्त हात दुखतो. मन दुखतं ते लाइटनं! प्रत्येक पिंजऱ्यापाशी गेलं की पहिलं काय? "जरा तिथं उभी राहा गं." मी उभी राहते. खांदे सरळ करते, केस मागे घेते, हसते. बाईमाणूस आहे, समोर कॅमेरा आला की आपोआप हसू येतं, त्याला काय करणार? खटक्. "नाही नाही, हसू नकोस, फोटो नाही काढत, फक्त लाइट बघतोय." फक्त लाइट बघतोय! म्हणजे काय, तर माझ्या तोंडावर किती उजेड पडतो ते बघायचं, त्यावरून कॅमेऱ्याचे आकडे फिरवायचे आणि मग, "हं, आता बाजूला हो." की मागून हरीण. पुढच्या पिंजऱ्यापाशी परत. "जरा उभी राहा." खटक्. "बाजूला हो." की घुबड. मी म्हणजे त्याचं उजेड मोजायचं यंत्र. वर कौतुक काय, तर "तुझ्या तोंडावर लाइट फार खरा कळतो हं!" आता याच्यावर माणसानं लाजायचं का रडायचं?

एकदा तर कहर झाला. एका रिकाम्या पिंजऱ्यासमोर मला उभं केलं, आतला प्राणी अजून बाहेर यायचा होता, आणि हा लांब जाऊन आकडे फिरवत बसला. तेवढ्यात शाळेची सहल आली. पोरं थांबली. पिंजरा रिकामा, समोर मी, अंगावर मातकट, हातात फांदी, हलत नाहीये. बाईंनी पाटी वाचायला घेतली, "बघा मुलांनो... स्वभावाने लाजाळू. क्वचितच आवाज काढते. दिवसातले सोळा तास एकाच जागी." आणि एक चिमुरडी बाईंचा पदर ओढत म्हणते, "बाई, ही काय खाते?"

काय सांगू तिला? सकाळपासून काही नाही गं बाळा!

बरं, हे सगळं मी आयुष्यभर सहन केलं असतं. पण फ्रेम! ती फ्रेम नसती ना, तर मी आज तुमच्यासमोर अशी तोंड उघडून बसले नसते.

लग्नात याच्या आत्यांनी आम्हाला एक फोटोफ्रेम दिली. चंदेरी, जड, बाजूनं पानाफुलांची नक्षी. आत्या म्हणजे आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. त्यांनी दिलेली वस्तू बैठकीतच लागते, मधोमध, आणि त्या आल्या की आधी त्या वस्तूला बघतात, मग माणसांना. तर फ्रेम लागली. आत काय? दुकानातून येतानाच आत एक कागद असतो ना, नमुन्याचा? एक जोडपं, समुद्रकिनारी, पांढरे सदरे, वाऱ्यावर केस, एकेकाला चौसष्ट दात. तेच! सात महिने आमच्या बैठकीत तेच दोघं! का? कारण लग्नाचे नऊशे फोटो आले ते नवऱ्यानं तीन संध्याकाळी बसून एकूण एक नापास केले. "यात डोळे मिटलेत. यात मागे खुर्ची आलीय. यात लाइट तोंडावर आदळलाय." नऊशे! आणि मग उभं राहून प्रतिज्ञा केली, "त्या फ्रेममध्ये जाईल तो माझ्या हातचा फोटो!" आणि मोबाइलवर काढू म्हटलं, तर असा चेहरा केला, जसं काही मी त्याच्या चहात मीठ टाकलं. "मोबाइलचा? तो फोटो नसतो, तो पुरावा असतो."

आता घरी येणारे जाणारे विचारतात ना! शेजारच्या काकू आल्या. काकूंची नजर म्हणजे... जाऊ द्या. फ्रेमसमोर उभ्या. "हे कोण हो?" आता माझ्या सासूबाई, स्वभावानं गरीब बाई, त्यांना खरं सांगायची लाज वाटली. म्हणजे काय सांगणार, की मुलाचं लग्न झालंय पण सुनेचा फोटो अजून पास झाला नाही? त्या घाईघाईनं म्हणाल्या, "लांबचे नातलग आहेत आमचे."

झालं! काकू विसरतील तर शपथ. पुढच्या खेपेला, "तुमचे ते नातलग काय करतात?" सासूबाई म्हणाल्या, "असतात आपले... समुद्राजवळ." त्याच्या पुढच्या खेपेला, "मूलबाळ?" सासूबाई माझ्याकडे बघतात. मी जमिनीकडे. "अजून नाही," सासूबाई म्हणाल्या आणि उसासा टाकला, आणि तुम्हाला खोटं वाटेल, उसासा खरा होता! रोज फडक्यानं पुसून पुसून त्यांना त्या दोघांची माया लागली होती. मी तिथंच उभी. घरात माणसं तीन, बैठकीत फोटो दोघांचा, आणि त्या दोघांत मी नाही. माझी आई फोनवर म्हणते, "अगं, दोघांचा एक फोटो पाठव ना, वाळलीस का जाड झालीस ते तरी कळेल." मी तिला घुबडाचा पाठवला. दुसरं होतं काय माझ्याजवळ?

आणि अशात आत्यांचा फोन. "येत्या रविवारी चारला येते. फ्रेममध्ये काय लावलंय ते बघायचंय." सासूबाईंच्या हातून चमचा पडला.

त्या रात्री मी नवऱ्याशी बोलले. म्हणजे एक वाक्य बोलले, पण माझ्या मानानं ते भाषणच. म्हटलं, "या रविवारी आधी आपला दोघांचा फोटो, मग पाखरं." तो म्हणाला, "अगदी! आधी आपला! ट्रायपॉड घेतो!" माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. कपाट उघडून मी तो झगझगीत निळा काढला, इस्त्री केली. तो काही बोलला नाही. मला वाटलं, सुटले.

रविवार. सात वाजता आत. तळ्याकाठी याला जागा सापडली, मागे बांबू, नळ नाही, टाकी नाही, ऊन असं कोवळं. ट्रायपॉड उभा केला. "जरा उभी राहा, लाइट बघतो." खटक्. "जरा इकडे." खटक्. "निळा फार चमकतोय... बघू." खटक्. असं पाऊण तास! बादलीवाले काका जाताना दोनदा बघून गेले, येताना एकदा. शेवटी म्हणाला, "झालं! आता टायमर लावतो. दहा सेकंद. मी पळत येतो, तू हलू नकोस." बटण दाबलं, कॅमेरा टिक टिक करायला लागला, हा पळत आला, माझ्या शेजारी उभा राहिला, खांद्यावर हात ठेवला... सात महिन्यांत पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या या बाजूला हो! मी हसले. मोठ्ठं हसले. सहा, सात, आठ...

आणि पलीकडे धनेश ओरडला.

धनेश म्हणजे तो मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. त्याच्या पिंजऱ्यात एक पोकळ खोड ठेवलंय, त्यात मादीनं स्वतःला कोंडून घेतलं होतं, भोक लिंपून, आठवडे झाले, फक्त चोचीपुरती फट. नर बाहेरून फळं आणतो आणि फटीतून तिला भरवतो. ते भरवणं याला सहा रविवार सापडत नव्हतं. आठव्या सेकंदाला खांद्यावरचा हात गेला. नवव्याला नवरा गेला. दहाव्याला खटक्! फोटोत मी, मोठ्ठं हसणारी, आणि शेजारी हवेत एक बूट.

मी गेले मागोमाग. हा जाळीला लेन्स लावून, कुजबुजत, डोळ्यांत पाणी, "बघ, बघ गं, काय काळजी घेतो तो तिची! ती बिचारी आत, काही बोलत नाही, आणि तो एकेक फळ आणून... एकेक फळ!" खटक् खटक् खटक् खटक्. साडेनऊ वाजले होते. मी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्या मादीची चोच फटीतून बाहेर आली, फळ घेतलं, आत गेली. आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात मला कुणाचा इतका हेवा वाटला नाही.

दीड तास. चारशे फोटो. मग हा वळला, घामाघूम, खूश. "चल, आता आपला." आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि परत बघितलं. आणि माझ्याकडे बघितलं नाही.

बॅटरी संपली होती.

"दुसरी?" मी म्हटलं.

"चार्जिंगला लावली होती."

"मग?"

"लावलेलीच आहे."

बादलीवाले काका शेजारीच होते. त्यांनी बादलीतून एक मासा उचलला, बघितला, परत ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मी काढू का मोबाइलवर?" तर हा त्यांना समजावून सांगायला लागला, की फोटो वेगळा आणि पुरावा वेगळा! मी तशीच बाहेर पडले. बसमध्ये मी माझ्या मोबाइलवर आम्हा दोघांचा एक घेतला, गुपचूप. त्यात मी आहे, आणि याचा भोवरा आहे. डोक्यावरचा. हा मान खाली घालून त्या बंद कॅमेऱ्याची काच पुसत होता.

मी काही बोलले नाही. घरापर्यंत नाही. जेवताना नाही. आणि माझं न बोलणं नेहमीचंच, त्यामुळे मी रागावलेय हे कुणाला कळलंच नाही! शांत माणसाची हीच तर पंचाईत असते हो. बाकीच्यांनी अबोला धरला की घर हादरतं. मी धरला की लोक म्हणतात, जरा मीठ दे.

अडीच वाजले. सासूबाई फ्रेमसमोर बसलेल्या, फडकं मांडीवर. "आता आत्यांना काय सांगू? की लांबचे नातलग?" आणि हा काय करतोय? कॉम्प्युटरला कार्ड लावून धनेश बघतोय. "आई, इकडे ये, तुला दाखवतो. चोच बघ काय शार्प आलीय!" सासूबाई गेल्या. चष्मा लावला. त्यांना ते यंत्र कळत नाही, त्यांनी भलतंच काहीतरी दाबलं. याच्या फोटोंचे तीन कप्पे आहेत, "उत्तम", "बरे" आणि "बाद". उघडलं "बाद".

आणि सगळ्या पडद्यावर मी.

सहाशे अकरा फोटो. मी हरणांसमोर. मी घुबडासमोर, जांभई देताना. मी फांदी धरून, अंगठा आत. मी सर्दी झालेली, नाक लाल. मी त्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर, मागे शाळेची पोरं. मी लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, अजून नवी नवी, हसून बघतेय, कारण तेव्हा मला लाइटचं माहीत नव्हतं. एक तर असा, ज्या दिवशी माझे बाबा आजारी असल्याचा फोन आला होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशीचा. त्यात माझा चेहरा बघून सासूबाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, "काय झालं होतं गं तुला या दिवशी?"

सात महिन्यांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. माझ्या नवऱ्यानं पडद्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. एकेक फोटो पुढे सरकवत गेला. बाबांच्या फोनच्या दिवशीच्या त्या फोटोपाशी थांबला. मग म्हणाला...

"हे पुसायचे राहिलेत."

मी स्वयंपाकघरात निघाले होते, तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "हा! हा बघ! हा लाव!"

सापांच्या खोलीतला. मी काचेसमोर उभी, काचेच्या आत अजगर, आडवा, झकास वेटोळं घालून. मी अर्धी वळलेय आणि हसतेय, का ते आठवत नाही, पण हसतेय खरं. आणि काचेत, माझ्या अगदी शेजारी, जसं काही खांद्याला खांदा लावून उभा असावा, असा... नवरा! पडलेलं प्रतिबिंब! पूर्ण, डोक्यापासून बुटांपर्यंत. फक्त तोंडाच्या जागी कॅमेरा.

"अगं, तो बाद आहे!" हा कळवळला. "काचेत मी आलोय! म्हणूनच तर बाद केला!"

तुम्ही ऐकताय ना? दोघांचा एकुलता एक फोटो, आणि तो का बाद? तर त्यात हा आलाय म्हणून!

"तुझ्या हातचा आहे ना?" सासूबाई म्हणाल्या.

"आहे, पण..."

"मग काढ कागदावर. तीन वाजायला आले." मी त्यांना इतक्या करड्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. घरातल्या प्रिंटरनं घरघर केली, फोटो आला, यानं "रंग उतरलाय" म्हणून कपाळाला हात लावला, कुणी लक्ष दिलं नाही. फ्रेम उघडली. ते समुद्रावरचे दोघं निघाले. मी टाकायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. "राहू दे मागे. इतके दिवस राहिलेत बिचारे." आणि त्यांच्यावरच आमचा ठेवून मागून फळी बसवली.

चारच्या ठोक्याला आत्या. आल्या, चपला काढल्या, कुणाशी न बोलता फ्रेमसमोर. हातभर अंतरावरून बघितलं, वीतभर अंतरावरून बघितलं. आम्ही तिघं रांगेत उभे, निकालाच्या दिवशी उभे राहतात तसे. आत्या म्हणाल्या, "हं. सून छान आलीय." सासूबाईंनी श्वास सोडला. "अजगरसुद्धा छान आलाय." आणि खुर्चीत बसल्या. पास! मी चहा ठेवला.

आणि नेमक्या तेव्हा शेजारच्या काकू. पाहुण्यांचा आवाज ऐकू आला की त्यांच्याकडची साखर संपते. वाटी घेऊन आत आल्या, फ्रेमकडे बघितलं आणि वाटी तशीच हातात. "अगंबाई! ते तुमचे नातलग कुठे गेले? समुद्राजवळचे?"

आत्यांचा कप अर्ध्यात थांबला. "कोण नातलग? आपल्यात समुद्राजवळ कोण राहतं?"

सासूबाई पांढऱ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. आणि काकू फ्रेमच्या जवळ जवळ, आणखी जवळ, बोट लावून, "ही सूनबाई. हा साप. आणि हा कोण हो काचेत, तोंडापुढे काळं काहीतरी धरून उभा?"

आणि तुम्हाला सांगते, सत्तावीस रविवार, सहाशे अकरा फोटो, ती फांदी, तो अंगठा, ते एकेक फळ, सगळं माझ्या घशाशी आलं, आणि मी... मी बोलले!

मी म्हटलं, "हेच ते काकू. लांबचे नातलग आहेत आमचे."

आत्या आधी हसल्या. आत्या! सर्वोच्च न्यायालय! चहा बशीत सांडेपर्यंत हसल्या. मग सासूबाई, तोंडाला पदर लावून. काकूंना काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. आणि मलाही आवरेना, मी खिडकीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, इतक्या मोठ्यांदा, की माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच पहिल्यांदा कळलं.

आणि हा? हा माझ्याकडे बघत राहिला. टक लावून. सात महिन्यांत पहिल्यांदा मधे काच नाही, कॅमेरा नाही, दोन डोळे, उघडे. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना, पोचलं! हळूच म्हणाला, "थांब. तश्शीच थांब. हलू नकोस." आणि आत पळाला. चार्जिंगला लावलेली ती बॅटरी घेऊन, कॅमेऱ्यात बसवत, धडपडत बाहेर आला. माझं हसू अजून ओसरलं नव्हतं. मी केस मागे घेतले. खांदे सरळ केले. आत्यासुद्धा म्हणाल्या, "काढ, काढ, सुनेचा एक चांगला काढ."

खटक्.

"नाही आत्या, फोटो नाही काढत," हा म्हणाला, "खिडकीत बुलबुल येऊन बसेल असं वाटतंय... फक्त लाइट बघतोय."

आणि मी? मी काय करणार... उभी राहिले.